अपिलाच्या काळातील भाकरी

(पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



या वर्गासाठी मला ‘सामाजिक सुरक्षा आणि अपंग मूल’ असा विषय देण्यात आला होता. एवढा विस्तीर्ण विषय तासाभरात उरकण्यापेक्षा त्यातील एकच प्रश्न घेऊन त्याच्या मुळाशी जावे, असे मी ठरवले आहे. प्रश्न वरवर पाहता अगदी कारकुनी वाटेल. तो असा : अपंग मुलाला शासनाकडून मिळणारे साहाय्य एका निर्णयाने कमी झाले किंवा बंद पडले, आणि आईबापांनी त्या निर्णयाविरुद्ध दाद मागितली, तर निकाल लागेपर्यंत त्या घराने जगायचे कशावर?

कायद्याची पुस्तके या प्रश्नापाशी फारशी थांबत नाहीत. अपील करण्याचा अधिकार दिला, मुदत सांगितली, अर्ज कोठे द्यायचा ते सांगितले, की त्यांचे काम संपले. परंतु आपण समाजवादी आहोत. हक्क कागदावर असणे आणि तो बजावता येणे या दोन गोष्टींतील अंतर मोजणे हेच आपल्या विचाराचे पहिले काम आहे. ज्याच्या गाठीशी सहा महिन्यांचा खर्च आहे त्याच्या दृष्टीने अपील हा अधिकार आहे. ज्याच्या घरी आठवड्याचे धान्य आठवड्याला येते त्याच्या दृष्टीने ती चैन ठरते. तो लढाईत हरत नाही, लढाई अर्ध्यावर सोडून देतो. आणि सोडून दिलेल्या लढाया कोणत्याही तक्त्यात शासनाचा अन्याय म्हणून नोंदल्या जात नाहीत; उलट ‘निर्णय मान्य केला’ अशीच त्यांची नोंद होते.

या प्रश्नाला गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत तीन प्रकारची उत्तरे देण्यात आली आहेत. एक इंग्लंडचे, दुसरे अमेरिकेचे आणि तिसरे स्कॉटलंडचे. ती क्रमाने पाहू आणि मग आपल्या घराकडे वळू.

ब्रिटनमध्ये अपंगांना मिळणारे साहाय्य कोणा दयाळू मंत्र्याच्या मनात एके दिवशी उगवले असे नाही. १९६५ साली मेगन द्यू बॉइसन आणि बेरिट मूर या दोन अपंग गृहिणींनी ‘डिसेबलमेंट इन्कम ग्रूप’ ही संघटना उभी केली. नोकरी करताना झालेल्या दुखापतीलाच नुकसानभरपाई का, घरात राबणाऱ्या बाईच्या आणि जन्मतः अपंग असलेल्या माणसाच्या अपंगत्वाला काही किंमत नाही का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. या आंदोलनाच्या रेट्यातून आणि मजूर पक्षाचे खासदार आल्फ मॉरिस यांच्यासारख्यांच्या संसदेतील खटपटीतून १९७० चा दीर्घकालीन रुग्ण व अपंग व्यक्ती कायदा आला, १९७१ पासून शुश्रूषेसाठी भत्ता मिळू लागला आणि १९७६ पासून हिंडण्याफिरण्याच्या अडचणीसाठी भत्ता सुरू झाला. १९९२ साली या दोहोंच्या संयोगातून ‘डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स’ निर्माण झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये सोळा वर्षांखालील मुलांना आजही तोच मिळतो. शुश्रूषेसाठी तीन दर आणि हिंडण्याफिरण्यासाठी दोन दर, अशी त्याची रचना आहे.

आता यातील गोम पाहा. शुश्रूषेचे २०२५-२६ या वर्षातील साप्ताहिक दर ११०.४० पौंड, ७३.९० पौंड आणि २९.२० पौंड असे होते. समजा, एखाद्या मुलाचा दर फेरतपासणीत मधल्यावरून खालच्यावर आला. मुलाच्या नावावरील रक्कम आठवड्याला ४४.७० पौंडांनी घटली. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. मुलाची देखभाल करण्यासाठी नोकरी सोडलेल्या आईला जो देखभाल भत्ता मिळतो, तो मूल मधल्या किंवा वरच्या दरात असेल तरच मिळतो. म्हणजे तिचे ८३.३० पौंडही गेले. इतर साहाय्याचा हिशेब बाजूला ठेवला, तर एका पत्राने त्या घरातून आठवड्याला १२८ पौंड नाहीसे झाले. मुलाला रात्री उठून कूस बदलून देणे मात्र थांबलेले नाही. निर्णय बदलला म्हणून शरीर बदलत नाही.

आईने दाद मागायची म्हटले तर काय? २०१३ पासून तिकडे असा दंडक आहे की, न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी त्याच खात्याकडे सक्तीने फेरविचार मागावा लागतो. हा फेरविचार किती दिवसांत पुरा करायचा याचे कोणतेही कायदेशीर बंधन खात्यावर नाही. या सर्व काळात कमी झालेली रक्कम कमीच राहते, बंद झालेली बंदच राहते. अखेर आई जिंकली तर थकबाकी मिळते, हे खरे. आणि न्यायाधिकरणापुढे सुनावणीपर्यंत पोहोचलेल्या अपंगत्वविषयक अपिलांपैकी निम्म्याहून अधिक अपिले मंजूर होतात, हेही खरे. पण या दुसऱ्या सत्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्या यंत्रणेचे आव्हानित निर्णय निम्म्याहून अधिक वेळा चुकीचे ठरतात, ती यंत्रणा आपल्या चुकीचा खर्च चूक दुरुस्त होईपर्यंत त्या मुलाच्या घराकडूनच वसूल करत असते. प्रौढांच्या एका भत्त्याच्या बाबतीत इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०२० साली, पैसे बंद ठेवून फेरविचाराची सक्ती करणे हा न्यायालयापर्यंत पोहोचण्याच्या मार्गातला अवाजवी अडथळा आहे, असा निर्णय दिला. न्यायालयाला जे पटले ते धोरण म्हणून सर्वत्र स्वीकारले गेले नाही.

हे झाले पहिले उत्तर : थांबा, जिंकलात तर मागचे मिळेल.

दुसरे उत्तर अमेरिकेचे. १९७० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात एक थोर निर्णय दिला. न्यू यॉर्क शहरातील गरिबांचे साहाय्य आधी बंद करायचे आणि सुनावणी मागाहून द्यायची, ही पद्धत घटनाबाह्य ठरली. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा युक्तिवाद साधा होता : पात्र माणसाचे जगण्याचे साधनच तंटा मिटेपर्यंत काढून घेतले, तर तो तंटा लढणार तरी कसा? परंतु सहाच वर्षांनी, १९७६ साली, मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज या खटल्यात त्याच न्यायालयाने हे तत्त्व अपंगत्व विम्याच्या लाभाला लागू करण्याचे नाकारले. व्यक्तीचे हित, चुकीची शक्यता आणि शासनाला पडणारा खर्च यांचा तराजू न्यायालयाने मांडला आणि पारडे शासनाच्या बाजूने झुकले. ब्रेनन यांनी आपल्या विरोधी मतपत्रात एक वस्तुस्थिती नोंदवून ठेवली आहे. लाभ बंद झाल्यामुळे एल्ड्रिज यांचे घर कर्जापोटी गेले, सामानसुमान उचलून नेले गेले आणि नवरा, बायको व मुले यांना एकाच बिछान्यावर झोपावे लागले. तराजूत हा बिछाना कोठे ठेवायचा, हे त्या न्यायालयाने सांगितले नाही.

पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेच्या संसदेने कायदा करून, वैद्यकीय कारणाने लाभ बंद झाल्यास अपिलाच्या काळात तो चालू ठेवण्याची सोय केली. गरीब कुटुंबांतील अपंग मुलांना मिळणाऱ्या साहाय्यालाही ती लागू आहे. मात्र तिला दोन खिळे ठोकलेले आहेत. पहिला खिळा असा की, नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत तशी मागणी करावी लागते. दुसरा अधिक टोचणारा : अपील हरल्यास त्या काळात घेतलेले पैसे ‘जादा दिलेले’ ठरतात आणि परत मागितले जाऊ शकतात. प्रामाणिकपणे अपील केले होते असे दाखवून माफी मागता येते; पण माफी ही माफीच. ती मिळेल याची खात्री आधी कोणी देत नाही.

या दोन खिळ्यांनी काय केले ते १९९६ नंतर दिसले. त्या वर्षी क्लिंटन यांच्या सहीने झालेल्या कायद्याने मुलांच्या अपंगत्वाची व्याख्या आवळण्यात आली. सहा वर्षांपूर्वीच, १९९० साली, सुलिव्हन विरुद्ध झेब्ली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांसाठी जे दार उघडले होते, ते पुन्हा लोटून घेण्यात आले. अडीच लाखांहून अधिक मुलांची प्रकरणे फेरतपासणीला निघाली आणि मोठ्या संख्येने लाभ बंद झाले. तेव्हा अनेक पालकांनी अपील केलेच नाही, आणि ज्यांनी केले त्यांतील बऱ्याच जणांनी पैसे चालू ठेवण्याची मागणी केली नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सामाजिक सुरक्षा आयुक्त केनेथ अ‍ॅफेल यांनी घेतलेल्या आढाव्यात असे निघाले की, पालकांना त्यांचे हक्क नीट समजलेच नव्हते. अखेर १९९८ च्या आरंभी त्यांना अपिलाची आणि पैसे चालू ठेवण्याची मागणी करण्याची दुसरी संधी द्यावी लागली. मुलाच्या औषधासाठी घेतलेला पैसा उद्या कर्ज म्हणून छातीवर बसेल, ही धास्ती गरिबाला किती अडवते हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. हे दुसरे उत्तर : जगा, पण उसनवारीवर.

तिसरे उत्तर स्कॉटलंडचे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वविषयक साहाय्याचा अधिकार लंडनकडून एडिंबरोकडे आला. तेथील सरकारने व्यवस्था उभारण्याआधी, प्रत्यक्ष साहाय्य घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना अनुभव सांगण्यासाठी बोलावले. २०१८ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा स्कॉटिश संसदेने एकमताने संमत केला. सामाजिक सुरक्षा हा मानवी हक्क आहे आणि इतर मानवी हक्कांच्या सिद्धीसाठी तो अत्यावश्यक आहे, हे तत्त्व त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात आहे. अशी वचने आपणही पुष्कळ वाचली आहेत. पण त्याच कायद्याच्या ३६ व्या कलमात ‘अल्पकालीन साहाय्य’ नावाची एक कोरडी तरतूद आहे, आणि पहिल्या कलमातील वचनाचा खरेपणा मला त्या ३६ व्या कलमात दिसतो.

मुलांसाठीचे ‘चाइल्ड डिसॅबिलिटी पेमेंट’ २०२१ साली, प्रथम डंडी, पर्थ अँड किनरॉस आणि पश्चिमेची बेटे येथे आणि नोव्हेंबरपासून सर्व स्कॉटलंडभर, सुरू झाले. या साहाय्याचा दर उतरवला किंवा ते बंद केले, तर पालकांना ४२ दिवसांत फेरनिर्णय मागता येतो. कार्यालयाने तो ५६ दिवसांत द्यायचा. न दिल्यास पालक थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. फेरनिर्णयही प्रतिकूल आला तर ३१ दिवसांत अपील करता येते. या सर्व काळात, पालकांनी मागणी केल्यास, जुनी रक्कम आणि नवी रक्कम यांतील फरक अल्पकालीन साहाय्य म्हणून दिला जातो. वरच्या दरावरून मधल्या दरावर आलेल्या मुलाचे उदाहरण घ्या. २०२५-२६ च्या दराने हा फरक आठवड्याला ३६.५० पौंड होतो. प्रकरण २६ आठवडे चालले तर ९४९ पौंड. आणि मुद्द्याची गोष्ट पुढेच आहे : अपील हरले तरी ही रक्कम परत करावी लागत नाही.

‘परत करावी लागत नाही’ हे चार शब्द म्हणजे या तिसऱ्या उत्तराचा प्राण आहे. अमेरिकेत शासन अपिलाच्या काळात पैसे देते, पण धोका कुटुंबाच्या माथी ठेवते. स्कॉटलंडने पैसेही दिले आणि धोकाही स्वतःकडे घेतला.

यावर आक्षेप येणारच, आणि तो केवळ उजव्यांकडून येतो असेही नाही. अशाने प्रत्येक जण उगाच अपील करील, काही महिने पैसे उकळील आणि खजिना रिता होईल, असे म्हटले जाते. त्याचा विचार भावनेने नव्हे, हिशेबाने करू. कोणत्याही व्यवस्थेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्राला काही महिने पैसे जाणे ही एक, आणि पात्राचे पैसे काही महिने थांबणे ही दुसरी. रक्कम दोन्हीकडे तीच असेल. पण तिचे मोल तेच नसते. शासनाच्या अंदाजपत्रकात ९४९ पौंड म्हणजे धूळ. मुलाच्या घरात तेवढेच पैसे म्हणजे थंडीतील शेगडी, दवाखान्यात नेणारी गाडी, अंथरूण धुण्याचा खर्च. सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आम्ही वर्गात सफरचंदांची उदाहरणे देऊन शिकवतो. तो येथे लावून पाहायला काय हरकत आहे? दोन चुकांपैकी एक करावीच लागणार असेल, तर जी सोसण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्याच्या वाट्याला ती जावी.

दुसरा मुद्दा विलंबाचा. पैसे बंद ठेवून प्रकरण रेंगाळले तर शासनाच्या तिजोरीत त्या दिवसापुरती बचत होते, आणि जे अर्जदार कंटाळून सोडून देतात त्यांच्या बाबतीत ती कायमची होते. म्हणजे दिरंगाईला बक्षीस. पैसे चालू ठेवले की तीच दिरंगाई शासनाला महाग पडते. लवकर आणि नीट निर्णय देण्यात त्याचाच स्वार्थ गुंततो. नोकरशाहीला सदुपदेश करून घाई शिकवता येत नाही; विलंबाचा खर्च तिच्या खात्यावर टाकला की ती आपोआप शिकते.

स्कॉटलंडची भलामण करताना तिच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. हे साहाय्य ज्याला आधी काही मिळत होते त्याचेच रक्षण करते. ज्या मुलाचा पहिलाच अर्ज नाकारला गेला, त्याच्या आईला अपिलाच्या काळात काहीही मिळत नाही. वस्तुतः तिचीच ओंजळ सर्वांत रिकामी असते. शिवाय ते मागावे लागते, आपोआप मिळत नाही. तरीही उभे असलेले घर चौकशी चालू असताना पाडायचे नाही, एवढे किमान तत्त्व त्या छोट्या देशाने कायद्यात आणून दाखवले आहे.

आता आपल्याकडे वळू. ‘हे श्रीमंत देशांचे चोचले’ असे कोणी म्हणेल, तर त्याला सांगा की हे तत्त्व आपल्या कामगार चळवळीने या देशात आधीच मिळवलेले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने कलम १७-ब घालण्यात आले. कामगाराला कामावर परत घेण्याचा निवाडा झाला आणि मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर दुसरीकडे नोकरी नसलेल्या त्या कामगाराला प्रकरण चालू असेतो शेवटचा पूर्ण पगार द्यायचा, असा त्याचा आशय होता. १९९० च्या दशकात देना बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, ही रक्कम उदरनिर्वाह भत्त्यासारखी आहे. निवाडा पुढे रद्द झाला तरी ती कामगाराकडून परत घ्यायची नाही. स्कॉटलंडच्या ‘त्या’ चार शब्दांचा हा भारतीय पूर्वज. तो कायदा आता गेला आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी संहिता आली. पण तत्त्व कायद्याबरोबर निवृत्त होत नसते.

दुसरा दाखला थेट महाराष्ट्राचा आहे. फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या शासकीय कर्मचाऱ्याचा निलंबनकालीन निर्वाहभत्ता, त्याचे अपील चालू असताना, महिना एक रुपयावर आणणारा नियम आपल्या राज्यात होता. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. एक रुपया हा भत्ता नव्हे, भत्त्याचा आभास आहे, अशी त्यामागची भूमिका होती. ज्याला न्यायालयाने दोषी ठरवले आहे अशा माणसालाही अपिलाच्या काळात जगण्यापुरते दिले पाहिजे, हे आपण मान्य केले. मग ज्याने कोणताच गुन्हा केलेला नाही अशा मुलाला ते का नाकारायचे?

आजची स्थिती काय आहे? शासन आता ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणते. शब्द बदलला, हे ठीक. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २४ वे कलम सामाजिक सुरक्षेच्या योजना आखण्यास सांगते, पण सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ५९ वे कलम अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविरुद्ध अपील करण्याचा अधिकार देते. परंतु अपील चालू असताना आधीचे लाभ चालू राहतील, असे एक वाक्यही त्या कलमात नाही. केंद्राची इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन योजना तर अठरा वर्षांखालील मुलाला दारातच उभे करत नाही. आणि तिच्यात केंद्राचा वाटा आहे महिना ३०० रुपये. आपल्या राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्या लाभार्थ्यांचे पैसे कोणत्या ना कोणत्या पडताळणीत अडकले की ते तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, हे तुम्हा कार्यकर्त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्यांचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो. या महिन्याचे काय, हा असतो.

म्हणून पक्षाच्या कार्यक्रमात चार मागण्या घालाव्यात, असे मी सुचवतो. एक : अपंग व्यक्तीचे, विशेषतः मुलाचे, कोणतेही साहाय्य कमी करण्यापूर्वी कारणांसह लेखी नोटीस मराठीत मिळाली पाहिजे. दोन : मुदतीत हरकत घेतल्यास तिचा निकाल लागेपर्यंत पूर्वीची रक्कम जशीच्या तशी चालू राहिली पाहिजे; त्यासाठी वेगळा अर्ज मागू नये. तीन : जाणूनबुजून केलेली लबाडी सिद्ध झाल्याखेरीज ही रक्कम परत मागता येऊ नये. चार : निर्णयाची मुदत अर्जदारावर जशी असते तशी कचेरीवरही असली पाहिजे, आणि ती टळल्यास निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला असे मानावे.

या मागण्या मान्य होईपर्यंत आपण गप्प बसायचे असे नाही. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस एका टेबलाशी एक कार्यकर्ता बसला, बंद झालेल्या अनुदानांची नोंदवही ठेवू लागला, प्रत्येक प्रकरणी लेखी कारण मागू लागला, हरकतीचा अर्ज लिहून देऊ लागला आणि पोच घेऊ लागला, तर वर्षभरात आपल्या हाती असा पुरावा येईल की विधिमंडळात कोणालाही तो डावलता येणार नाही. किती जणांचे पैसे थांबले, किती दिवस थांबले, किती जणांनी मधेच नाद सोडला, हे आकडे आज कोणाकडेच एकत्र नाहीत. ते गोळा करण्याचे काम सरकार करणार नाही. कारण ते त्याच्याविरुद्धचे आरोपपत्र ठरेल. ते आपल्यालाच करावे लागेल, आणि त्याची सुरुवात येत्या महिन्यापासून आपापल्या तालुक्यात व्हावी, एवढे मागून मी आपली रजा घेतो.